यादी आधी वाचनालयाला दाखवा

डिसेंबर लागला की आमच्या खानदेशातल्या मळ्यात भरीत होतं. बामणोदची मोठाली हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, कांद्याची पात, कळण्याच्या भाकरी, आणि पुण्या-नाशिकला गेलेली सगळी पोरं त्या एका दिवसासाठी घरी. यंदा जेवणं झाल्यावर भाचीने मोबाईल काढला आणि म्हणाली, मावशी ही यादी बघ, मराठीतली वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं, चला सगळ्यांनी आपापली मोजा. ती एकेक नाव वाचत गेली, आम्ही बोटं मोजत गेलो. ती ४१ वर थांबली, मी ३४ वर, आणि माझा मोठा भाऊ ९ वर. आईला कुणी विचारलंच नाही कारण तिला वाचता येत नाही, पण तीच मधे बोलली, "मी एक बी वाचेल नही, आयकेल गंज शेतस." म्हणजे मी एकही वाचलेलं नाही, ऐकलेली मात्र पुष्कळ आहेत. सगळे हसले, प्रेमानेच हसले, पण दादा हसला नाही. तो उठला आणि विझत आलेल्या जाळात उगाच काड्या सारत बसला.

हे लिहायला बसले ते दादाच्या त्या उठण्यामुळे. माझा भाऊ केळी पिकवतो, आणि तो वाचणारा माणूस आहे. पेपर तो शेवटच्या पानापासून पहिल्यापर्यंत वाचतो, केळीवर करपा आला की कृषी विद्यापीठाची माहितीपत्रकं शोधून पेन्सिलीने खुणा करत वाचतो, सातबारा आणि फेरफार वाचण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही, गावातले अर्धे लोक तलाठ्याकडे जायच्या आधी कागद घेऊन त्याच्याकडे येतात. त्या दिवशी १० मिनिटांत त्याच्या मनात पक्कं बसलं की आपण न वाचणारे आहोत. शंभरपैकी नऊ. शाळेत असे मार्क पडले असते तर नापास. आणि तो विषय त्याने परत काढला नाही, मी काढला तर म्हणाला, जाऊ दे ना बाई, आम्ही शेतातले माणसं.

माझं म्हणणं असं आहे की ती यादी दादाला दाखवायचीच नव्हती. ती यादी आधी आमच्या तालुक्याच्या वाचनालयाला दाखवायला पाहिजे होती.

आता या याद्या येतात कुठून ते बघा. शंभर पुस्तकांची एक इंग्रजी यादी कित्येक वर्षं लोक एकमेकांना पाठवतायत, तिच्या डोक्यावर लिहिलेलं असतं की बीबीसीच्या मते बहुतेक लोकांनी यातली फक्त सहाच वाचलेली असतील. बीबीसीने असं कधी म्हटलेलंच नाहीये. बीबीसीने २००३ मध्ये लोकांची सगळ्यात आवडती कादंबरी कोणती यावर मतं मागवली होती, त्यात 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पहिली आली, पण ती यादी वेगळी. ही जी फिरते ती २००७ च्या ब्रिटनमधल्या जागतिक पुस्तक दिनाच्या मतदानाशी जुळते, त्यात लोकांना विचारलं होतं की कोणत्या पुस्तकाशिवाय तुम्हाला जगता येणार नाही. आणि लोकांनी मतं देऊन झालेली असल्यामुळे त्यात 'शेक्सपिअरचं समग्र साहित्य' पण आहे आणि खाली परत 'हॅम्लेट' वेगळं पण आहे, नार्नियाच्या गोष्टींची सगळी मालिका आहे आणि तिच्यातलंच एक पुस्तक परत वेगळं मोजलंय. म्हणजे शंभर पुस्तकं पण नाहीत ती नीट. विचारलं होतं आवडीचं, आणि सात समुद्र ओलांडून ते झालं परीक्षेचं. "सहाच वाचली असतील" हे कुणीतरी वरून चिकटवलं, आणि त्या एका वाक्यामुळे ती पसरली, कारण सहाच्या वर गेलो की बरं वाटतं आणि खाली राहिलो की लाज वाटते, आणि दोन्हीत माणूस ती पुढे पाठवतोच.

याद्या करणं मुळातच वाईट, असं मी म्हणत नाही. शंभर पुस्तकांच्या यादीची प्रथा जिच्यामुळे पडली ती सर जॉन लबक यांची यादी १८८६ सालची, आणि ती लंडनमधल्या कामगारांच्या कॉलेजात दिलेल्या भाषणातून आलेली. दिवसभर राबून संध्याकाळी शिकायला येणाऱ्या माणसाने एवढ्या पुस्तकांतून सुरुवात कुठून करायची, एवढाच तिचा हेतू. त्यात कालिदासाचं शाकुंतल होतं, रामायण-महाभारताचे संक्षेप होते, कुराण होतं. वाट दाखवायला केलेली यादी ती. कुणी रस्ता विचारला की आपण सांगतो ना, पुढे वडाचं झाड लागेल, तिथून डावीकडे, तशी. तिथून ती अशी कधी झाली की झाड दिसलं का, नाही दिसलं, मग तू चाललासच नाहीस?

दादाच्या नऊमधली सहा तर त्याने धडा वाचून मोजली होती, आणि यावर भाचीचं आणि त्याचं थोडं वाजलं पण. ती म्हणे मामा, धडा म्हणजे पुस्तक नाही, तो म्हणे अगं मी ते वाचलंय, मला अजून तोंडपाठ आहे. दोघंही बरोबर आहेत आणि मला वाटतं खरी गोष्ट इथेच आहे. महाराष्ट्रातल्या माझ्या वयाच्या लाखो माणसांचं मराठी साहित्य म्हणजे बालभारती. जूनमध्ये नवीन पुस्तक हातात आलं की नव्या कागदाचा वास घेत घेत शाळा सुरू व्हायच्या आत आम्ही मराठीचं पुस्तक संपवायचो, पहिल्या धड्यापासून शेवटच्या कवितेपर्यंत, आणि प्रत्येक धड्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं की हा उतारा अमुक पुस्तकातून घेतलाय. मी ती बारीक अक्षरं वहीत उतरवून ठेवायचे. ती माझी पहिली यादी. पण त्या यादीतलं एकही पुस्तक आमच्या गावात नव्हतं. शाळेत एक लोखंडी कपाट होतं, त्याला कुलूप, चावी शिपायाकडे, आणि तपासणी असली की ते उघडायचं. सातवी संपेपर्यंत मी त्या कपाटातलं एकही पुस्तक हातात धरलं नाही, काचेतून फक्त पाठी वाचल्या.

मग आम्ही काय वाचायचो? दुकानातून साखर यायची त्या पुडीचा कागद. पुडी सोडून कागद सपाट करायचा आणि वाचायचा, त्यात कुणाच्या तरी कादंबरीचं पान असायचं, मधूनच सुरू आणि मधूनच बंद, पुढे काय झालं ते कधीच कळायचं नाही म्हणून रात्री झोपताना मी आणि दादा ती गोष्ट आपापल्या मनाने पुरी करायचो. 'किशोर' मासिक गुरुजींच्या घरी यायचं, ते सगळ्यांचं वाचून झाल्यावर आमच्याकडे. श्रावणात पोथी. आणि 'श्यामची आई', ते मात्र घरोघरी असायचं. ते घरोघरी का होतं, ते चांगलं आहे म्हणून तर आहेच, पण ते स्वस्तात मिळायचं, शाळेत बक्षीस म्हणून वाटलं जायचं आणि साने गुरुजी अमळनेरला शिकवायला होते म्हणून ते आमच्या भागाला आपलं वाटायचं. गुरुजी १९५० मध्ये गेले, आपल्या कायद्यात लेखकानंतर ६० वर्षं हक्क राहतो, त्यामुळे २०११ पासून ते कुणीही छापू शकतं आणि अजूनच स्वस्त झालं. शंभराच्या कुठल्याही मराठी यादीत सगळ्यात जास्त लोकांच्या खुणा याच पुस्तकावर पडणार, आणि त्यामागे पुस्तकाची थोरवी जेवढी तेवढंच ते हाताला लागत होतं हे पण आहे. हाताला लागणं हा मुद्दा यादी करणाऱ्यांच्या डोक्यात येतच नाही, कारण त्यांना ते कायम लागत आलेलं असतं.

आता आईचं ते वाक्य. आयकेल गंज शेतस. मी नंतर तिला घेऊन बसले आणि यादीतली नावं परत वाचली. 'श्यामची आई' तिला पूर्ण माहीत, माझे वडील रात्री कंदिलापाशी वाचायचे आणि ती निवडणं-टिपणं करत ऐकायची, आणि तिच्या मते त्यातली आई कधीकधी जास्तच कडक आहे, हे मत मी कुठल्याही समीक्षकाच्या तोंडून ऐकलेलं नाहीये. ज्ञानेश्वरी यादीत होती. आई सप्ताहात पारायणाला बसते, म्हणजे ऐकायला बसते, नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत तिच्या कानावरून जातात, गेली ३०-४० वर्षं, सगळं कळतं असं नाही पण काही ओव्या ती अचूक जागी म्हणून दाखवते. मी ज्ञानेश्वरीवर खूण केली होती, बी.ए.ला एक अध्याय होता तेवढ्यावर. भाचीने पण केली होती, तिने सोप्या मराठीतला सारांश वाचला होता. तिघींमध्ये खूण करायचा हक्क कुणाचा जास्त, सांगा बरं.

आणि मग मला एक गोष्ट लक्षात आली, ती मला फार महत्त्वाची वाटते. आमच्या खानदेशातून मराठीला मिळालेली जी मोठी पुस्तकं आहेत ना, त्यातली कितीतरी आधी ऐकलेली आहेत आणि मग छापलेली. विनोबांची 'गीता प्रवचने' धुळ्याच्या जेलमध्ये झाली, २१ फेब्रुवारी १९३२ ते १९ जून १९३२, दर रविवारी एक अध्याय, १८ रविवार १८ अध्याय, समोर कैदी बसलेले, आणि साने गुरुजी ऐकता ऐकता लिहून घेत होते. लिहून घेणारा नसता तर ते शब्द त्या भिंतींच्या आतच राहिले असते. बहिणाबाई चौधरी, जन्म असोद्याचा, सासर जळगाव, अक्षर माहीत नाही, दळताना कांडताना शेतात काम करताना गाणी रचत गेल्या, मुलाने सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी ती कागदावर उतरवली, आचार्य अत्र्यांनी ती बघितली आणि उचलून धरली, आणि पुस्तक निघालं १९५२ मध्ये, बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला गेल्यानंतर. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. छापखान्यावरच्या गाण्यात त्या म्हणतात की कोरा कागद छापून निघाला की शहाणा होतो आणि माणूस मात्र येडा राहतो. ज्या बाईने आयुष्यात एक ओळ वाचली नाही तिने वाचण्याबद्दल एवढं मोठं सांगून ठेवलंय. आणि खुद्द 'श्यामची आई', नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेलं, त्याची प्रकरणं म्हणजे रात्री आहेत, पहिली रात्र, दुसरी रात्र, श्याम सांगतोय आणि बाकीचे ऐकतायत अशी सगळी मांडणी.

म्हणजे या तिन्ही पुस्तकांचे पहिले वाचक हे ऐकणारे होते. आजच्या यादीच्या हिशोबात धुळे जेलमधल्या त्या कैद्यांना शून्य मार्क पडतील.

पण मी इथे थांबून एक सांगते, नाहीतर माझ्या म्हणण्याचा चुकीचा अर्थ निघेल. ऐकलं म्हणजे वाचलंच, आईला काही कमी नाही, असं मला म्हणायचं नाहीये. आईला कमी आहे आणि तिला ते माहीत आहे. एसटीची पाटी तिला अजून दुसऱ्याला विचारावी लागते, दवाखान्यात अंगठा देताना तिचा चेहरा मी बघितलाय. वडील गेल्यावर घरात रात्रीचं वाचणं बंद पडलं आणि तिच्या पुस्तकांचा पुरवठा तिथेच संपला, कारण तिला स्वतःला ते कपाट उघडता येत नव्हतं. अहिराणीतल्या ओव्या, कानबाईची गाणी, आखाजीची गाणी हे सगळं तिच्याकडे आहे आणि ते अमोल आहे, पण ते आहे म्हणून तिला अक्षर नको होतं असं म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत. ज्यांना सगळं वाचायला मिळालं तेच असं म्हणतात.

भाषेचं पण बघा. जनगणनेत खानदेशी, म्हणजे आमची अहिराणी धरून, ही मराठीपासून वेगळी भाषा म्हणून मोजतात. आमच्या घरात आई अहिराणी बोलते, दादा दोन्ही मिसळून बोलतो, भाची फक्त पुण्याची मराठी. सातपुड्यात वर धडगाव, अक्कलकुव्याकडे गेलात तर पोरगं घरात पावरी किंवा भिली बोलतं, शाळेतली मराठी त्याला दुसरी भाषा, त्यानंतर इंग्रजी. त्याला तुम्ही शंभर मराठी पुस्तकांची यादी देणार आणि किती वाचली विचारणार. आणि शहाद्याकडचे वाहरू सोनवणे, भिलोरीत आणि मराठीत कविता लिहिणारे, त्यांचा 'गोधड' हा संग्रह त्या शंभरात नव्हता. 'कोसला' होती, अर्थातच. ती लिहिणारे भालचंद्र नेमाडे आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचे, 'कोसला' १९६३ ची, खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या पोराची गोष्ट. मी ती वाचली तेव्हा मी ३१ वर्षांची होते. १९ व्या वर्षी वाचायला मिळाली असती तर पुण्याच्या हॉस्टेलच्या पहिल्या वर्षात मी जेवढी एकटी पडले तेवढी पडले नसते, हे मी अगदी खात्रीने सांगते. माझ्याच जिल्ह्यातल्या माणसाने माझ्याच अवस्थेवर लिहिलेलं पुस्तक, माझ्या जन्माच्या आधी छापलेलं, आणि ते माझ्यापर्यंत यायला एवढी वर्षं लागली. यात माझा आळस किती आणि रस्त्याचा दोष किती, ते यादीतली रिकामी चौकट कसं सांगणार.

म्हणून जानेवारीत मी ती शंभराची यादी छापून घेतली आणि आमच्या तालुक्याच्या वाचनालयात गेले. तालुक्याचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण जे दिसलं ते एका वाचनालयाचं दुखणं नाही. तीन शनिवार गेले. ग्रंथपालबाई चांगल्या, मनापासून मदत केली. रजिस्टरला त्या शंभरातली ६१ पुस्तकं सापडली. कपाटातून प्रत्यक्ष हातात आली ३८. बाकीची कुणीतरी नेलेली परत न आलेली, काही वाळवीने खाल्लेली, काही नोंदीतच. मी न वाचलेली जी ६६ होती त्यातली ५१ तिथे हाताला लागलीच नाहीत. म्हणजे मी रोज त्या वाचनालयात जाऊन बसले असते तरी माझा आकडा ४९ च्या वर गेला नसता. दादाचा तर ४७ च्याही वर नाही. भाचीचं वेगळं, ती पुण्यात आहे.

आता वाचनालयाची अवस्था अशी का आहे तेही समजून घेतलं पाहिजे, नाहीतर आपण ग्रंथपालबाईंनाच दोष देऊन मोकळे होऊ. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. आपल्याकडे सरकार स्वतः गावोगाव वाचनालय चालवत नाही, गावातली संस्था चालवते आणि सरकार तिला अ, ब, क, ड अशा वर्गाप्रमाणे अनुदान देतं. तमिळनाडू, कर्नाटक, केरळ इथे ग्रंथालयासाठी वेगळा कर घेतात, त्यातून हक्काचा पैसा उभा राहतो, आपल्याकडे तो कर नाही. त्यामुळे अनुदान आलं तर पुस्तकं, उशिरा आलं तर उधारी, आणि कर्मचाऱ्याचा पगार एवढा कमी की तो संध्याकाळी दुसरीकडे काम करतो म्हणून वाचनालय लवकर बंद. आमचं वाचनालय सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ४ ते ७ उघडं असतं. दादा सकाळी ८ ला पाण्याच्या पाळीवर असतो आणि संध्याकाळी ७ ला घरी येतो. शेतकऱ्याच्या, मजुराच्या, शाळेच्या पोरांच्या वेळेला ते बंद आणि निवृत्त माणसांच्या वेळेला उघडं, आणि मग आपण म्हणतो की वाचायला फक्त म्हातारे येतात.

दुसरा हिशोब छपाईचा. मराठीत साध्या साहित्यिक पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींची, आजकाल बरेचदा त्याहून कमी. राज्यात सरकारमान्य वाचनालयं अकरा-बारा हजार. म्हणजे एखाद्या पुस्तकाची सगळीच्या सगळी आवृत्ती फक्त वाचनालयांनी उचलली, एकही प्रत दुकानात गेली नाही, तरी दहा वाचनालयांतल्या एकाच्याही वाट्याला ते नीट येत नाही. आणि मराठी मातृभाषा सांगणारी माणसं २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख. हे आकडे शेजारी ठेवले की "वाचायलाच हवीत" हा शब्द मला खटकतो. हवीत ना, मग छापा, पोचवा, उघडी ठेवा.

यावर भाचीचं उत्तर होतं की मावशी, आता तर सगळं मोबाईलवर मिळतं. थोडं खरं आहे. मराठी विश्वकोश घरबसल्या फुकट वाचता येतो, आणि तो ज्यांनी उभा केला ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आपल्याच साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरचे. साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. मी दादाला त्यातलं एक घेऊन दिलं. मोबाईलच्या पडद्यावर ते पान बोटांनी मोठं करायचं, ओळ संपली की सरकवायचं, परत आणायचं, आणि मधे केळीच्या भावाचा मेसेज, बँकेचा फोन, पोराला अभ्यासाला तोच मोबाईल हवा. चार दिवसांनी तो म्हणाला डोळे दुखतात. पण मला त्याहून मोठी अडचण वेगळी वाटते. मोबाईलवर जे शोधायचं त्याचं नाव आधी माहीत असावं लागतं. कपाटासमोर उभं राहिलं की नाव माहीत नसलेलं पुस्तक आपल्याला सापडतं, बाजूला ठेवलेलं, कुणीतरी परत केलेलं, पाठ फाटलेलं. माझ्या ३४ मधली निदान १० तरी मी दुसरंच काही शोधताना सापडलेली आहेत.

आणि भाचीच्या ४१ बद्दल पण बोलायला हवं, कारण तिच्या मेहनतीला मी कमी लेखत नाही. ती खूप वाचते, जीव लावून वाचते. पण तिने स्वतःच कबूल केलं की गेल्या दोन वर्षांत ती यादीकडे बघूनच पुस्तक निवडते, एक संपलं की खूण, मग पुढचं. एक कादंबरी तिला अजिबात आवडत नव्हती तरी खूण राहील म्हणून रेटून संपवली. दुसरी खूप आवडली, परत वाचावीशी वाटली, पण परत वाचल्याने आकडा वाढत नाही म्हणून नाही वाचली. हे ऐकून मला दादापेक्षा तिची जास्त काळजी वाटली. आवडलेलं पुस्तक परत उघडायला वेळ नाही असं वाचन कशाला करायचं? मी शाळेतल्या गुरुजींच्या घरून आणलेला 'किशोर'चा एक दिवाळी अंक किती वेळा वाचला असेल याची मोजदाद नाही, त्यातली चित्रं मला अजून डोळ्यासमोर दिसतात. माझ्या वाचनाचा पाया त्या एका अंकात आहे, आणि यादीत त्याला जागा नाही.

शाळा-कॉलेजात तर हे अजून वाढलंय. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, डॉ. कलामांच्या जन्मदिवसाचा, २०१५ पासून. चांगला दिवस आहे. पण कितीतरी ठिकाणी त्या दिवशी पोरांना विचारतात की वर्षभरात किती पुस्तकं वाचली, आकडा सांगा, सगळ्यात जास्त आकडा त्याला बक्षीस. पोरं शहाणी असतात, पातळ पातळ पुस्तकं निवडतात. मला विचाराल तर त्या दिवशी आकडा पोरांनी सांगायचाच नाही, शाळेने सांगायचा. आमच्या कपाटात इतकी पुस्तकं आहेत, यावर्षी ते इतके दिवस उघडं होतं, इतकी पुस्तकं बाहेर गेली आणि इतकी फाटून आली. फाटून आलेल्या पुस्तकांना बक्षीस द्या. अमळनेरच्या वसतिगृहात साने गुरुजी पोरांसाठी रोज हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे, रोज नवीन, सकाळी पोरं उठली की वाचायला तयार. त्यांनी पोरांना विचारलं नाही की तुम्ही काय वाचलं नाही. त्यांच्यासमोर वाचायला ठेवलं.

दादाला मी परत यादी दाखवली नाही. त्या ३८ मधली तीन पुस्तकं माझ्या कार्डावर त्याला आणून दिली. एक त्याने दोन पानांत ठेवून दिलं, मी काही बोलले नाही. दुसरं, शेतकऱ्याच्या घरातली गोष्ट असलेली जाड कादंबरी, ती तो रोज रात्री वाचतोय, आणि गेल्या आठवड्यात मी घरी गेले तेव्हा तो मोठ्याने वाचत होता आणि आई पलंगावर बसून ऐकत होती, मधेच त्याला थांबवून विचारत होती की मग ती बाई माहेरी गेली का नाही.

मार्चमध्ये वाचनालयाची वार्षिक सभा आहे. मी सभासद आहे, वर्गणी भरते, मला बोलायचा हक्क आहे. आम्ही ११ सभासदांनी सह्या करून पत्र दिलंय. त्यात लिहिलंय की शंभरातली जी ६२ पुस्तकं कपाटात नाहीत त्यातली पहिली २० यावर्षीच्या खरेदीत घ्यावीत, त्यांच्या जोडीला 'गोधड' आणि अहिराणीतली पुस्तकं पण खरेदीत धरावीत, संध्याकाळची वेळ ७ ऐवजी ९ करावी, त्या दोन तासांचा जास्तीचा पगार वर्गणीतून निघत नसेल तर आम्ही तो गोळा करू, आणि महिन्यातून एक शनिवार कुणीतरी मोठ्याने वाचेल, ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी. त्या शेवटच्या मुद्द्याखाली आईने अंगठा दिलाय, ती सभासद नाही तरी. ग्रंथपालबाई म्हणाल्या चालेल, मी ते पत्र तसंच पुढे ठेवते.